आत्याचं 'हं'

परवापासून आत्याचं ते 'हं' डोक्यातून जात नाहीये.

हायवेवर ट्रकने कट मारला, बाईक घसरत डिव्हायडरपर्यंत गेली आणि पोरगं हनुवटीला तीन टाके घेऊन घरी आलं. हेल्मेटची काच फुटली, एवढंच. माझे हात थरथरत होते, तशातच आत्याला फोन लावला. "आत्या, देवानं वाचवलं गं त्याला."

पलीकडे काहीच नाही. मग, "हं." मग, "टाक्यांना पाणी लागू देऊ नको."

फोन ठेवल्यावर कळलं, मी काय बोलले. आणि कुणाला.

माझ्या लेकाला देवानं वाचवलं, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत तो कुठे होता? त्याचंच विसर्जन करून गाव नुकतं झोपलं होतं. चार वाजायच्या आत जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरचं माळवद, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. घर गार राहावं म्हणून माळवदावर मातीचा जाड थर असायचा. तीच माती हातांनी उकरत होते लोक. आत्या बाहेर कशी राहिली, ते ती सांगत नाही.

भूकंपानं नाही, घरांनी माणसं मारली, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. आदल्या वर्षीपासून धक्के बसत होते, कुणीतरी वेळीच काही करायला हवं होतं. खरं आहे ते. पण हे सगळं मी देवाला सोडवायला शोधतेय, हेही खरं.

ब्रह्मसूत्रांत हा आक्षेप घेतलेलाच आहे: वैषम्य आणि नैर्घृण्य. म्हणजे देव पक्षपाती ठरतो आणि निर्दयही. उत्तरही तिथेच आहे, ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे. वाचताना पटतं. आत्यासमोर बसून म्हणता येईल का? धाकटी तीन वर्षांची होती.

दोन दिवस स्वतःचीच कीव येत होती. लेक वाचला त्याचा आनंदही मला धड करू नये? ज्याचं सगळं नीट झालं त्यानं आभार कुणाचे मानायचे? भीती वाटली की तोंडातून देवच येतो माझ्या, लहानपणापासून.

आज तुकोबा आठवले. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, पोर गेलं. त्यावर 'बरं झालं' असंही त्यांनी लिहून ठेवलंय. मला ते नेहमी कठोर वाटायचं. आज वाटलं, ते स्वतःच्या दुःखाला म्हणाले, म्हणून चाललं. शेजारच्या घरी जाऊन नाही म्हणाले. आणि विठोबाशी भांडायचंही सोडलं नाही.

आत्या गणपती बसवत नाही. तिन्हीसांजेला दिवा मात्र लावते. का, ते मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. माझाही दिवा आज लागला. हात जोडले, पण काय म्हणावं ते सुचेना, तशीच उभी राहिले.

मग फोन केला. "आत्या, टाके सुकत आलेत."

"ताप?"

"नाही."

"रविवारी येते," म्हणाली. "शेंगदाण्याची चटणी केलीय त्याच्यासाठी. तिखट कमी घातलंय, हनुवटी दुखत असेल."