एका पत्त्यामागची चौसष्ट घरे

तालुक्याच्या गावी इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहान कंपनीचे नेटवर्क मी सांभाळतो. अमुक वेळी अमुक आयपी पत्ता कोणाकडे होता, अशी विचारणा करणारी पोलिसांची पत्रे आम्हाला नवी नाहीत. मार्चमध्ये आलेल्या पत्रात फसवणुकीच्या व्यवहाराची सेकंदापर्यंतची वेळ होती, 103 ने सुरू होणारा आमचाच पत्ता होता. एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखता येतात तो पोर्ट क्रमांक मात्र नव्हता.

आमच्याकडे एकूण 512 पत्ते आहेत. सर्व्हर आणि लीज्ड लाइनचे, म्हणजे स्वतःची राखीव जोडणी घेतलेले ग्राहक वगळता उरलेल्या 128 पत्त्यांवर सुमारे 8,000 घरे चालतात. एका पत्त्याचे 1024 ते 65535 हे पोर्ट मी 1,008 च्या वाट्यांनी चौसष्ट घरांना कायमचे नेमून दिले आहेत. त्यामुळे पोर्ट कळला, की नोंदींचे डोंगर न उपसता साध्या भागाकाराने घर सापडते. ही मांडणी बसवायला मला दोन महिने लागले आणि तिचा मला अभिमान आहे.

तपास अधिकाऱ्यांनी ज्या साइटवर व्यवहार झाला तिच्याकडे पोर्ट मागितला. आम्ही तो साठवत नाही, असे उत्तर आले. येणाऱ्या जोडणीचा पोर्टही नोंदवावा, ही इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची शिफारस जून 2011 ची आहे. पैशांचे व्यवहार करणाऱ्यांनी ती अजून पाळू नये, याला मी निष्काळजीपणाच म्हणतो. आम्ही प्रत्येक घराला आयपीव्ही6 या नव्या पद्धतीचे स्वतंत्र पत्ते देतो, पण ती साइट आयपीव्ही6 वर नाहीच.

लॉगिनच्या नोंदींवरून त्या क्षणी चौसष्टपैकी 41 घरे जोडलेली होती, एवढे कळले. आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले, कायद्याने मागितले आहे, देऊन टाका. मी 41 नावे पाठवली.

पंधरवड्याने एक निवृत्त शिक्षिका कार्यालयात आल्या. त्यांना पोलीस ठाण्यातून फोन आला होता. "आमच्या घराला वेगळा पत्ता का दिला नाहीत?" त्यांनी विचारले. मी सांगितले, की जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे 429 कोटीच आहेत. 3 फेब्रुवारी 2011 रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच खंडीय संस्थांना वाटले गेले. त्याच वर्षी 15 एप्रिलपासून त्यांपैकी आशिया-प्रशांत विभागाच्या एपनिकने आपल्या अखेरच्या गटातून प्रत्येक सभासदाला जास्तीत जास्त 1,024 पत्ते देण्याचे ठरवले, फेब्रुवारी 2019 मध्ये ती मर्यादा 512 वर आली आणि आमचा अर्ज त्यानंतरचा होता.

बाईंनी सगळे नीट ऐकून घेतले. "म्हणजे एकेचाळीसपैकी चाळीस जणांचा काहीच संबंध नाही. हे तुम्ही पोलिसांना लिहून दिलेत का?"

यादीसोबतच्या पत्रात मी ते लिहिले नव्हते. त्या समोर बसलेल्या असतानाच मी दुसरे पत्र लिहायला घेतले.