एका खटक्यापायी दीड महिना

मी बनवत असलेल्या कॉम्प्युटर गेममध्ये प्रेशर प्लेट बसवायला एक शनिवार पुरेल असं मी धरून चालले होते. दीड महिना गेला.

वस्तू म्हटली तर अगदी साधी. फरशीतला एक दगड, त्यावर पाय पडला की तो दबतो आणि दार उघडतं. पाय काढला की दार बंद. म्हणजे दारातून जायचं तर आपल्या जागी दुसरं काहीतरी वजन ठेवून जायला हवं. १९८७ च्या 'डंजन मास्टर' या गेममध्येही हे होतं: हातातली वस्तू दगडावर टाकायची आणि पुढे निघायचं. आमच्या घरात मात्र प्रेशर प्लेट कुणी म्हणत नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हा कसला खटका?" तेव्हापासून तो खटकाच.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' हा गेम २०२० साली आला, तेव्हापासून आपणही काहीतरी छोटं करून बघावं असं डोक्यात होतं. लेकीला मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते फुकट आहे. गोष्ट अशी: सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात एक मुलगी अडकते, तिला माजघरातून परसात पोचायचंय. सासूबाईंचं लहानपण अशाच वाड्यात गेलं. तो पाडून तिथे केव्हाच इमारत झाली, त्यामुळे चित्रांसाठी मी केळकर संग्रहालयात जाऊन दरवाजे आणि दिवे डोळे भरून पाहून आले.

गोडोमध्ये 'एरिया टूडी' नावाचा प्रकार असतो. त्याच्या हद्दीत काही शिरलं की एक सिग्नल मिळतो, बाहेर पडलं की दुसरा. मी लिहिलं: शिरलं की दार उघड, बाहेर पडलं की बंद कर. चाललंही. मग लेकीने धान्याची पेटी ढकलत खटक्यावर आणली, स्वतः बाजूला झाली आणि दार तिच्या तोंडावर बंद झालं. पेटी खटक्यावरच होती! माझा कोड फक्त 'कुणीतरी बाहेर पडलं' एवढंच ऐकत होता. आत अजून कोण आहे हे विचारतच नव्हता. हीच चूक ऑफिसात कुणी केली असती तर मी तिखट शब्दांत कळवलं असतं. आता खटका दर वेळी वर किती जण आहेत ते मोजतो आणि शून्य झाले तरच सुटतो.

त्यानंतर दार फडफडायला लागलं. पेटी काठावर अर्धवट टेकली की ती जराशी थरथरायची, हद्दीच्या आत-बाहेर व्हायची, आणि दार वाऱ्यावरच्या खिडकीसारखं आपटत राहायचं. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी सुटण्याची हद्द दबण्याच्या हद्दीपेक्षा थोडी मोठी केली, वर दार बंद होण्याआधी ०.२ सेकंदांची सवलत दिली. आवाज मात्र पहिल्याच फटक्यात जमला: पाट्यावर वरवंटा टेकवला आणि मोबाइलवर रेकॉर्ड केला.

वाड्यात हिंडायला मी एक मांजर सोडलं होतं, निव्वळ शोभेला. एकदा ते खटक्यावर जाऊन बसलं आणि दार उघडलं. मी ते दुरुस्त करायला बसले तर लेक चिडली. "आई, माइनक्राफ्टमध्ये दगडी प्लेट माणसांनी, प्राण्यांनी दबते, नुसत्या टाकलेल्या वस्तूने नाही. लाकडी प्लेट वस्तूनेही दबते. तू आधी ठरव ना, तुझी कुठली!" तिचं म्हणणं बिनतोड होतं. वजन कशाला म्हणायचं हे मी ठरवलंच नव्हतं. माझ्या खटक्याला सगळंच चालतं असं ठरलं, मांजरसुद्धा. एका खोलीत तर आता दुधाची वाटी ठेवून मांजराला खटक्यावर बसवावं लागतं.

सगळ्यात लाजिरवाणी चूक कोडमध्ये नव्हतीच. शेजारच्या मुलाला खेळायला बसवलं. तो खटक्यावरून चार वेळा गेला, चारही वेळा दार उघडलं आणि बंद झालं, पण त्याला पत्ताच नाही. कारण दार पडद्याच्या बाहेर होतं! खटका म्हणजे नक्षी असावी असं त्याला वाटलं. मी दोन्ही एका चौकटीत आणले, दबल्यावर दगड तीन पिक्सेल खाली जाईल असं केलं, आणि मग त्याने तोंडातून शब्द न काढता पहिली खोली पार केली. 'पोर्टल' या गेममधलं तांबडं बटण एवढं भलंमोठं का आहे ते मला त्या दिवशी कळलं.

पेट्या कोपऱ्यात अडकण्याची कटकट वेगळीच. ढकलता येते पण ओढता येत नाही, ही पंचाईत १९८२ च्या 'सोकोबान' या पेट्या ढकलायच्या गेमपासूनची. माझ्याकडे सोपा तोडगा होता: दिंडी दरवाजातून बाहेर जाऊन परत आलं की खोली पहिल्यासारखी.

तिसऱ्या खोलीचा मला जरा गर्व होता. तिथला खटका सहा शेर धान्याशिवाय दबत नाही. खेळणाऱ्याकडे एक पायली आणि एक अधोली. चार शेर नि दोन शेर, दोन्ही भरून ठेवायच्या. सासूबाईंना कौतुकाने दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "अगं, पायली हे माप झालं. ज्वारीची पायली आणि पोह्यांची पायली एका वजनाची असते का?"

मी म्हटलं, "आई, तुम्ही रोज संध्याकाळी इथे बसा."

ती खोली मोडून नव्याने बांधली. आता कोठीत पोहेही आहेत आणि ज्वारीही. दोन्ही मापं पोह्यांनी शिगोशीग भरून ठेवली तर खटका जेमतेम हलतो, दबत नाही. मुलं पहिल्यांदा हमखास फसतात, आणि फसली की दुसऱ्या कणगीकडे धावतात. गेममधली सगळ्यांत चांगली खोली हीच, आणि ती माझी नाही.

पण त्याच संध्याकाळी सासूबाईंनी आणखी एक विचारलं. "दार उघडंच ठेवायचंय ना? मग मेलं वजन कशाला शोधायचं? खाली पाचर ठोक की!"

मी मोहात पडून पाचर घातली. लेकीने ती पहिल्या खोलीत उचलली आणि सहाच्या सहा खोल्या पाच मिनिटांत संपवल्या. आता पाचर शेवटच्या खोलीतच मिळते, तीही एका दारापुरती. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.