स्टॅनफर्ड टोरस, १:४००० : कडं वळलं, कवचाला हात घातला

स्टॅनफर्ड टोरस या कागदावरच राहिलेल्या अवकाशातल्या गावाचं मी १:४००० मापाचं मॉडेल करतोय. मागच्या नोंदीत नुसते आकडे होते. आता टेबलावर एक बंद कडं आहे, ४४७ मिलिमीटर व्यासाचं, आणि सकाळचं ऊन आलं की त्याची सावली भिंतीवर पडते. फोटो काढायला बसलो की दोन-दोन तास जातात, म्हणून आज आधी लिहून टाकतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. १९७५ च्या उन्हाळ्यात नासाचं एम्स संशोधन केंद्र आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी मिळून दहा आठवड्यांचा एक अभ्यास केला. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील त्याचे तांत्रिक संचालक होते. अभियंते, वैज्ञानिक, समाजशास्त्राचे आणि वास्तुकलेचे प्राध्यापक एकत्र बसले आणि दहा हजार माणसं कायमची राहतील असं गाव अवकाशात कसं बांधता येईल, याचा आराखडा त्यांनी केला. अहवाल १९७७ साली छापून आला. त्यातलं गाव म्हणजे एक चाक, त्यालाच स्टॅनफर्ड टोरस म्हणतात (टोरस म्हणजे कड्यासारखा आकार). बाहेरचा व्यास १७९० मीटर, नळीची जाडी १३० मीटर, सहा आरे, मधोमध गोल. ते एका मिनिटात एक फेरी घेतं आणि त्या फिरण्यामुळे आतल्या माणसाला पायाखाली जमीन असल्यासारखं वजन जाणवतं. जागा एल-५, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र या दोघांपासून सारख्याच अंतरावर असलेला बिंदू. बांधकामाचं बहुतेक सामान चंद्रावरून उचलायचं, कारण तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश.

भागांची नावं मी बैलगाडीच्या चाकावरून घेतली आहेत: मधला तुंबा, त्याला आरे, कडेला पाटा आणि पाट्यावर चढवलेली लोखंडी धाव. टोरसला ती अगदी नेमकी बसतात. धावेचं काय झालं ते पुढे येईलच.

१:४००० ही स्केल पाइपाने ठरवली. १३० मीटरची नळी या मापात ३२.५ मिलिमीटर होते आणि वायरिंगचा ३२ मिलिमीटरचा कंड्युट पाइप बोहरी आळीत कुठल्याही दुकानात मिळतो. आरे १५ मीटरचे, म्हणजे पावणेचार मिलिमीटर. तिथे ४ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची काडी. तुंबा १३० मीटरचा गोल, त्याला ३२ मिलिमीटरचा लाकडी मणी. फसवणूक कुठेच अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, त्यामुळे डोळ्याला खटकत नाही.

वळवण्याचं काम मात्र सोपं गेलं नाही. आमच्याकडे वायरिंगला येणाऱ्या गृहस्थांना विचारलं, तर म्हणाले, "साहेब, पंचवीस मिलिमीटरपर्यंत पाइप वाकवायची स्प्रिंग चालते. बत्तीसला वाळू भरा, ठासून भरा, आणि घाई करू नका." प्लायची १९१ मिलिमीटर त्रिज्येची चकती कापली (कड्याची आतली त्रिज्या तेवढीच येते), ती पाटावर स्क्रूने बसवली, पाइपात वाळू भरली, दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद केली आणि हीट गन लावली. अर्धं वर्तुळ सुरेख आलं. मग पाइपाच्या पोटावर करंगळीच्या नखाएवढा फुगा उठला, त्याच्या शेजारी दुसरा. जून महिना, गच्चीवरच्या पोत्यातली वाळू. हाताला कोरडी लागत होती, पण आत ओल होती. गरम झाल्यावर त्या ओलीची वाफ झाली आणि मऊ पडलेल्या प्लास्टिकला तिने बाहेर ढकललं. तो पाइप गेला.

दुसऱ्या खेपेला वाळू चाळून घेतली आणि जुन्या लोखंडी कढईत भाजली, फुटाणेवाले भाजतात तशी, उलथन्याने सारखी हलवत. आधी वाळूतून वाफेचा वास येतो, मग तो थांबतो, आणि दाणे कढईच्या उतारावरून पाण्यासारखे घरंगळू लागतात. तेव्हा ती खरी कोरडी. कोमट असतानाच भरली. त्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता: पाइप आतूनही गरम राहतो, त्यामुळे बाहेरून हीट गन कमी लागते आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडत नाहीत. चकतीभोवती एका वेळी बोटभरच पुढे जात पूर्ण फेरी मारायला पाऊण तास लागला. कड्याचा मध्य धरून परिघ १३० सेंटिमीटर येतो, तीन मीटरच्या पाइपात दोन प्रयत्न बसतात. माझे दोन्ही लागले. सांध्यात लाकडी गुटका घालून एमसील भरलं, पॉलिश पेपरने १२० पासून ६०० पर्यंत घासलं. आता सांधा कुठे आहे ते मला शोधावं लागतं. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा, पीव्हीसी करपलं तर त्याचा धूर वाईट असतो.

मग कड्याची आतली बाजू, तुंब्याकडे तोंड असलेला साधारण एक तृतीयांश भाग, मिनी ड्रिलने कापून काढला. गावाचं काचेचं छत इथे येतं. आत सहा भाग, तीन वस्तीचे आणि तीन शेतीचे, एकाआड एक. प्रत्येक भाग माझ्या कड्यात पावणेबावीस सेंटिमीटरचा. सध्या एक वस्ती आणि एक शेत एवढंच झालंय. दुमजली घर दीड मिलिमीटर उंच, ती स्टायरीनच्या (पातळ प्लास्टिकच्या) पट्टीचे तुकडे करून पायऱ्या-पायऱ्यांनी चढवली. झाडांसाठी बरंच काही करून पाहिलं आणि शेवटी मोहरीवर आलो. मोहरीचा दाणा म्हणजे इथलं सहा ते आठ मीटरचं झाड, खसखस म्हणजे चार मीटरचं झुडूप. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये दोनदा बुडवून वाळवले, वर हिरवा रंग. मुलगी शेजारी बसून चिमट्याने दाणे लावत होती. तिने विचारलं, "बाबा, यात माणूस केवढा?" हिशेब केला: ०.४ मिलिमीटर. तिने बारीक टोक केलेल्या पेन्सिलीने रस्त्यावर एक ठिपका दिला. तो तसाच ठेवलाय.

याच टप्प्यावर मी एक हिशेब केला आणि दोन दिवस त्याच्यातच होतो. नळीची रुंदी १३० मीटर, परिघ सुमारे ५२१५ मीटर. गुणाकार केला की सपाट जमीन ६७-६८ हेक्टर निघते. माणसं दहा हजार. म्हणजे माणशी ६७ चौरस मीटर, आपल्या भाषेत सातशे वीस चौरस फूट. घर, रस्ता, शाळा, बाग, शेत, सगळं त्यात. डॉन डेव्हिस यांनी रंगवलेल्या चित्रांमध्ये ही जागा ऐसपैस वाटते, आणि ते काही खोटं नाही: घरं एकावर एक चढवली आहेत, शेतीही मजल्यांवर आहे, आणि जमीन दोन्हीकडे वर चढत जाते म्हणून नजर लांब पोचते. रिक गायडीस यांचं नळी कापून आतलं दाखवणारं चित्र गेले चार महिने माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे. आधी मी त्यात फक्त घरं पाहायचो. आता घरांच्या खालची जाडी पाहतो.

कारण मी कड्याला चंदेरी रंग देऊन ठेवला होता. चकचकीत, अवकाशातल्या वस्तूला शोभेल असा. आणि तो चुकीचा आहे. आपल्या डोक्यावर दर चौरस मीटरला सुमारे दहा टन हवा आहे, मुख्यतः तीच आपल्याला वैश्विक किरणांपासून वाचवते. एल-५ला ती नाही. म्हणून अभ्यासगटाने गावाभोवती चंद्रावरची माती आणि धातू काढून उरलेली मळी यांचं १.७ मीटर जाडीचं कवच सुचवलं, चौरस मीटरला साडेचार टन. नळीचा बाहेरचा पृष्ठभाग मी मोजला: २१ लाख चौरस मीटर. गुणिले साडेचार केलं की ९५-९६ लाख टन. अख्ख्या वसाहतीचं वजन अहवालात सुमारे एक कोटी टन आहे! म्हणजे वजनाने पाहिलं तर ही वास्तू जवळजवळ सगळी कवचच आहे. घरं, झाडं, हवा, माणसं, अॅल्युमिनियमचा सांगाडा, सगळं उरलेल्या थोड्या भागात. अवकाशातलं गाव म्हटल्यावर मला काच आणि प्रकाश दिसायचा, आणि खरं पाहता ती मातीची जाड भिंत आहे, जुन्या वाड्याच्या पांढरीच्या भिंतीसारखी, आतला जीव सांभाळणारी.

आणि ही भिंत फिरत नाही. फिरली असती तर एवढ्या मातीला वजन आलं असतं आणि ते सगळं कड्याला पेलावं लागलं असतं. म्हणून कवच वेगळं, स्थिर, आणि त्याच्या आत चाक फिरतं. बैलगाडीची धाव पाट्यावर घट्ट बसवलेली असते, इथे ती सुटी ठेवून पाट्याला तिच्यातून फिरवायचं आहे. नळीच्या मध्याशी हा वेग सेकंदाला ८७ मीटर येतो, ताशी सुमारे ३१३ किलोमीटर. घराच्या तळघराखालून एक भिंत याहून थोड्या जास्तच वेगाने कायमची सरकत असते आणि वरच्या माणसाला त्याची गंधवार्ताही नाही. वास्तुकलेत याहून धाडसी कल्पना मला तरी माहीत नाही.

तर मॉडेलमध्ये कवच सुटं करायचं ठरलं. १.७ मीटर भागिले ४००० म्हणजे ०.४ मिलिमीटर जाडी. व्हर्नियर घेऊन घरातले सगळे पुठ्ठे मोजले. कपाटात साठलेल्या लग्नपत्रिकांपैकी जाड कागदाच्या बरोबर ०.४ च्या आसपास निघाल्या. कडं दोन दिशांनी वळतं आणि कागद एकाच दिशेने, त्यामुळे कवचाचे चोवीस तुकडे केले आहेत, प्रत्येकी १५ अंशांचे, दोन्ही कडांना चुण्यांसाठी खाचा. सनबोर्डच्या यू आकाराच्या कमानी आधी उभ्या केल्या, त्यावर तुकडे चिकटवायचे. आतली बाजू उघडी ठेवली आहे, नाहीतर आरे फिरणार कसे. मधली फट खरी ठेवणं शक्यच नाही: प्रत्यक्षात मीटरभर धरली तरी इथे पाव मिलिमीटर होते. मी तीन मिलिमीटर सोडली आहे. ही तडजोड बोचते, पण कडं घासत राहण्यापेक्षा बरी.

पोत द्यायला पहिल्यांदा दगडी रांगोळी घेतली होती. वाळल्यावर भिंग लावून पाहिलं तर रांगोळीचा एकेक कण रस्त्यावरच्या पेन्सिलीच्या ठिपक्याएवढा होता. भिंतीवर माणसाएवढे धोंडे. तो तुकडा बाजूला ठेवला. आता मलमलीतून चाळलेली राख मॅट राखाडी प्राइमरमध्ये कालवून लावतोय. हात फिरवला तर खरखर जाणवते, डोळ्याला मात्र सपाट दिसते, आणि तेच हवं होतं.

आरशाची एक चाचणीही झाली. मूळ आराखड्यात गावाच्या वर ४५ अंशात तिरका एक मोठा आरसा आहे. तो ऊन तुंब्याभोवतीच्या छोट्या आरशांवर टाकतो आणि ते आरसे काचेच्या छतातून ते आत पाठवतात. मोठ्या आरशासाठी अॅक्रिलिकची चकती तारेवर टांगली. छोट्यांसाठी तुळशीबागेतून आणलेली भरतकामाची आभली, पुठ्ठ्याच्या शंकूवर गोलाकार चिकटवून. रात्री दिवे घालवून टॉर्च आडवा धरला. पहिल्या दोन वेळा उजेड छतावर गेला. शंकूचा उतार थोडा कमी केला आणि कड्याच्या आत, वस्तीच्या भागात, आठ-दहा उजेडाचे ठिपके पडले. मोहरीच्या झाडांची सावली सरळ त्यांच्या बुंध्याशी. तिथे ऊन कायम डोक्यावरूनच येणार, हे मी वाचलं होतं, त्या रात्री पाहिलं. हिला आणि मुलीला झोपेतून उठवून दाखवलं.

मोठ्या फळीवर टोरसच्या शेजारी त्याच स्केलमध्ये त्याची वडीलधारी मंडळी, म्हणजे त्याच्या आधी आखलेली फिरती अवकाश स्थानकं, बसवली आहेत. हेर्मान पोटोच्निक यांनी नॉर्डुंग या टोपणनावाने लिहिलेल्या १९२९ च्या पुस्तकातलं राहण्याचं चाक ३० मीटरचं, म्हणजे इथे साडेसात मिलिमीटर, कपाळावरच्या टिकलीएवढं. रॉकेटतज्ज्ञ वर्नर फॉन ब्राउन यांचं १९५२ चं चाक ७६ मीटरचं, इथे १९ मिलिमीटर, कोटाच्या बटणाएवढं. बटणापासून थेट या कड्यापर्यंत उडी का, तर कानामुळे. फॉन ब्राउनचं चाक मिनिटाला तीन फेऱ्या घ्यायचं आणि त्यात वजन पृथ्वीच्या एक तृतीयांश. तीन फेऱ्यांना पूर्ण वजन हवं तर त्रिज्या शंभर मीटर पुरते. पण इतक्या वेगात मान वळवली की कानाच्या आतला तोल बिघडतो, मळमळतं. निवडक अंतराळवीर ते सोसतील, म्हातारी माणसं आणि लहान मुलं कशी सोसणार? म्हणून १९७५ च्या मंडळींनी एकच फेरी धरली. फेऱ्या एक तृतीयांश झाल्या की त्रिज्या नऊपट होते, आणि शंभराचे नऊशे होतात. त्यांच्या बाजूला आजचं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, १०९ मीटर, इथे २७ मिलिमीटर. स्टायरीन आणि चॉकलेटच्या चांदीतून केलंय.

एक फेरी मिनिटाला म्हणजे बरोबर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याचा वेग. मोटर अजून बसवलेली नाही, त्यामुळे सध्या तुंबा बोटांत धरून, घड्याळाकडे बघत, काट्याबरोबर कडं फिरवतो. इतक्या सावकाश फिरवणं हाताला अवघड जातं, पण मी रोज रात्री दोन-तीन फेऱ्या मारतो.

कवचाचे चोवीसपैकी अकरा तुकडे झाले आहेत. पावसाळी हवेमुळे बारावा अजून चिमट्यात आहे, फेव्हिकॉल वाळायला दीड दिवस घेतंय. मोटरसाठी बारा व्होल्टची गिअरवाली बघतोय, पण मिनिटाला एक फेरी आणि तीही आवाज न करता, अशी कोणी वापरली असेल तर माप आणि वजन पेलण्याची क्षमता जरूर सांगा. माझं कडं, आरे, तुंबा आणि आतली वस्ती मिळून वजन ४१० ग्रॅम भरलंय, शेतीचे दोन आणि वस्तीचे दोन भाग अजून यायचे आहेत.