पडला तरी आउट

कॅचरच्या मागे वाकून उभं राहिलं की जाळीमागचा प्रत्येक शब्द कानाशी येतो. शालेय बेसबॉलला मी अकरा वर्षं पंच म्हणून उभा राहतोय. सोलापुरात हे शब्द मराठी, तेलुगू, कानडी, हिंदी अशा चारही भाषांतून येतात. मी शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढलेला, त्यामुळे चारही कळतात.

चेंडू ठरलेल्या मापातून गेला (स्ट्राइक) की बाहेरून (बॉल), यावरच्या शेऱ्यांना मी उत्तर देत नाही. बॅटरशेजारची होम प्लेट १७ इंच रुंद, ती सगळ्यांना सारखी. पण खालवरचं माप प्रत्येक मुलाचं वेगळं: खाली गुडघ्याच्या वाटीपाशी, वर खांदा आणि कंबर यांच्या मध्यावर. बुटक्या पोराला जो चेंडू खांद्याशी जातो, तोच उंच पोराला पोटाशी. बाजूनं बघणाऱ्याला ते कसं दिसणार? ‘मगाशी हाच बॉल स्ट्राइक दिला की बे’ हे दर सामन्यात ऐकतो, सोडून देतो.

त्या ऑक्टोबरच्या दुपारी मात्र सोडता आलं नाही.

सातवी-आठवीची मुलं होती. काळ्या मातीचं मैदान, फक्कीच्या रेषा एव्हाना पुसट झालेल्या. पाचवी इनिंग, एका रनचा फरक. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर, एक आउट. बॅटरनं मारलेला चेंडू सरळ वर चढला आणि शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या, डोक्यावर आला. पोरगा त्याच्याखाली नीट उभा होता. मी हात वर करून ओरडलो, “इनफिल्ड फ्लाय, बॅटर आउट!” आणि चेंडू त्याच्या ग्लव्हवर आपटून खाली पडला.

दोन्ही रनर पळत सुटले. शॉर्टस्टॉपनं गडबडीत चेंडू उचलून तिसऱ्या बेसवर फेकला, तिथल्या मुलानं झेलून बेसवर पाय ठेवला आणि नाचायलाच लागला. बेसवरच्या पंचांनी सेफ दिलं.

मग दोन्ही बाजू माझ्यावर. बॅटिंगवाले म्हणतात, “कॅच सुटला तर आउट कसा ओ सर?” फील्डिंगवाल्यांचे सर म्हणतात, “बेसवर पाय लागला, रनर आउट का नाही?” क्रिकेट बघून तयार झालेल्या डोळ्यांना दोन्ही प्रश्न पडणारच. शिवाय प्रशिक्षकाला पंचाच्या नजरेवर वाद घालता येत नाही, पण नियम कसा लावला हे विचारायचा हक्क आहे. मी दोघांना प्लेटपाशी बोलावलं. अशा वेळी वर गेलेला सोपा झेल सुटला तरी बॅटर आउट, हा इनफिल्ड फ्लायचा नियम. तो नसता तर फील्डर सोपा झेल मुद्दाम पाडेल. झेल होणार म्हणून रनर बेसलाच चिकटून थांबलेले असतात, चेंडू पडला की मागून बॅटर येतो म्हणून त्यांना पळावंच लागेल, आणि एका चेंडूवर दोन आउट होतील. म्हणून बॅटर आधीच आउट. आणि तो आउट झाला की रनरवर पुढे पळायची सक्ती उरत नाही, त्यामुळे नुसता बेसला पाय लावून भागत नाही, रनरला चेंडू लावावा लागतो. दोन्ही सर गप्प झाले. पटलं असावं.

तेवढ्यात जाळीमागून शॉर्टस्टॉपच्याच शाळेच्या बाजूचे एक गृहस्थ त्याच्यावर ओरडले, “जा बे, लूमवर उभा राहा! तुला हे जमणार नाही.”

पोरगा खाली मान घालून बुटानं माती उकरत होता. त्याच्या घरी लूम असेल-नसेल, मला माहीत नाही. माझे वडील आयुष्यभर पॉवरलूमवर उभे राहिले. पण वडील लूमवर नसते तरी मी खेळ थांबवलाच असता. मला काय म्हणायचं ते म्हणा, मी मोठा माणूस आहे, मास्क घालून उभा आहे. तेरा वर्षांच्या मुलाला मैदानात असताना असं बोलायचं नाही.

पंचानं प्रेक्षकांशी थेट भांडायचं नसतं. मी आयोजक सरांना बोलावून सांगितलं की हे गृहस्थ जाळीपासून उठल्याशिवाय पुढचा पिच पडणार नाही. माझा आवाज चढला होता, तो चढायला नको होता. सात-आठ मिनिटं गेली, ऊन भाजत होतं, कुणीतरी “पंचांनी पैसे खाल्ले” असंही म्हटलं. ते गृहस्थ शेवटी गेटकडे गेले. मी पाठ मैदानाकडे करून ब्रशनं प्लेट साफ केली आणि खेळ सुरू केला.

सामना संपल्यावर बॅटरचे वडील आले. ‘आउट कसा’ विचारणारा मघाचाच आवाज, राग गेलेला. “तेवढं परत सांगा की सर.” मी खाली बसून बोटानं मातीत चौकोन काढला, रनरच्या जागी खडे ठेवले. ते बघत राहिले. “म्हणजे हा नियम आमच्याच बाजूचा होता की!”

शॉर्टस्टॉप मागे येऊन उभा होता. त्यानं विचारलं, “म्हणजे सर, मी सोडला तरी काही बिघडलं नाही?”

“बॅटर आउटच होता. पण चेंडू पडल्यावर रनर पुढे सरकले ना? म्हणून झेलायचा.”

त्यानं दुसऱ्या बेसवरचा खडा उचलून तिसऱ्यावर ठेवला, तो परत मागे आणला, आणि बेस गोळा करायला पळाला.