गरगट्ट म्हणजे कोण?

भाचीला इंग्रजीचा गृहपाठ होता. अन, डिस, मिस, री आणि प्री या पाच उपसर्गांचे प्रत्येकी दहा शब्द लिहून आणायचे. पाच रकाने आखून, भरून झाल्यावर वही माझ्या पुढ्यात टाकून ती म्हणाली, "आत्या, हे एकदम सोप्पंय. पुढे अन लावायचा, अर्थ उलटा. हॅपी येत असेल तर अनहॅपी फुकट."

फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. याच फुकटाच्या आशेने मीही तिच्या वयात घरातला जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची. 'अन'ची पानं आली की त्यात एक गंमत असायची. पानाच्या तळाशी बारीक टायपात शब्दांच्या नुसत्या रांगा, एकालाही अर्थ दिलेला नाही. कोशकाराने हातच झटकलेले. मूळ शब्द बघा, पुढे 'नाही' म्हणा, आणि आम्हाला आमची कामं करू द्या. मला त्या रांगा बघून श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं. एवढे शब्द आणि पाठांतर शून्य!

मराठीत उपसर्ग या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक व्याकरणातला, आणि दुसरा 'बिचारा आपल्या खोलीत असतो, त्याचा कुणाला काही उपसर्ग नाही' यातला. शब्दाच्या पुढे येऊन बसणारा हा गृहस्थ दोन्ही अर्थांनी उपसर्ग आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. संस्कृत वैयाकरणांना ते केव्हाच माहीत होतं. त्यांनी 22 उपसर्ग मोजून ठेवले आणि एका जुन्या श्लोकात सांगूनच टाकलं, की उपसर्ग हा धातूच्या अर्थाला बळजबरीने भलतीकडे ओढून नेतो. पुरावा म्हणून 'हृ' हा एकच धातू उभा केला. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. मुळात अर्थ एवढाच, की नेणं. आणि नेऊन ठेवला कुठे कुठे ते बघा!

लॅटिनमधल्या वाहून नेण्याचीही तीच कथा. इम्पोर्ट म्हणजे आत आणणं, एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर धाडणं, इथवर गाडी रुळावर असते. मग येतो सपोर्ट. सब म्हणजे खाली, म्हणजे खालून वाहणं? शाळेत मी हा शब्द घोकून पाठ केला होता. नंतर कधीतरी ध्यानात आलं की मराठीतही एखाद्याला पाठिंबा द्यायचा तर आपण त्याला उचलूनच धरतो. त्या दिवसापासून तो शब्द विसरायची सोय उरली नाही.

तर 'अन'. हा उपसर्गांमधला पाटील. 1989 मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी शालेय पुस्तकांतले उपसर्गवाले शब्द मोजले, तेव्हा त्यातले 26 टक्के एकट्या 'अन'चे निघाले. त्याला री, इन आणि डिस जोडले की 58 टक्के. म्हणजे चार उपसर्ग नीट आले तर निम्म्याहून जास्त काम झालं. बाईंनी सुरुवात 'अन'पासून केली ती उगाच नाही. फक्त एक सांगायचं राहिलं: अन हे एक नाव आहे, माणसं दोन आहेत.

अनहॅपी म्हणजे आनंदी नसलेला. अनलॉक म्हणजे मात्र 'कुलूप न लावणं' नव्हे, लावलेलं काढणं. पहिला अन नुसता नकार देतो, दुसरा झालेली गोष्ट मागे फिरवतो. जुन्या इंग्रजीत हे दोघं वेगवेगळ्या घरांतून आले आणि पुढे एकाच रूपात मिसळून गेले. त्यांचं भांडण बघायचं असेल तर अनलॉकेबल हा शब्द घ्यावा. कुलूप लावताच येत नाही असं दारही अनलॉकेबल, आणि कुलूप उघडता येतं असं दारही अनलॉकेबल. चोराने आणि घरमालकाने एकच शब्द वापरावा, दोघंही खरं बोलत असावेत!

मराठीत या दुसऱ्या 'अन'ला जोड नाही. आपण गाठ सोडतो, घडी उलगडतो, कोडं उकलतो, शिवण उसवतो. प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद. हा थाट मला आवडतो, पण शिकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर इंग्रजीचाच हिशेब सोयीचा. म्हणून तर ऑनलाइन बैठका सुरू झाल्यावर, ज्यांनी जन्मात इंग्रजी वाक्य बोललं नव्हतं ते आजोबाही आठवडाभरात "अरे, अनम्यूट कर की!" म्हणायला लागले. हा उपसर्ग कुणी त्यांना रकाने आखून शिकवला नव्हता.

"पण मग पॉसिबलला अन का नाही लागत?" भाचीने विचारलं. तिने अनपॉसिबल लिहून खोडलेलं दिसत होतं.

आता याला उत्तर आहे, पण अर्धंच. अन हा इंग्रजीचा घरचा, इन हा लॅटिनकडून आलेला. लॅटिन घराण्यातले शब्द बऱ्याचदा इन पसंत करतात. पुढे 'प' आला की त्या इनचा इम होतो, कारण ओठ आधीच मिटायच्या तयारीत असतात. 'ल'पुढे तो इल होतो, 'र'पुढे इर. इम्पॉसिबल, इललीगल, इररेग्युलर. मुलांना हे चार वेगळे उपसर्ग म्हणून पाठ करायला लावतात तेव्हा मला हळहळ वाटते. संगीत, संताप, संपूर्ण हे शब्द मोठ्याने म्हणून बघा. टिंब तेच, पण पहिल्यात उच्चार घशाशी, दुसऱ्यात दातांशी, तिसऱ्यात ओठांशी. हे आपण दिवसभर करतो आणि इंग्रजीच्या तासाला त्याचाच तक्ता करून भिंतीवर लावतो.

उरलेल्या अर्ध्या उत्तराला काही नियम नाही. अनेबल म्हणजे असमर्थ, पण असमर्थता मात्र इनॅबिलिटी. अनइक्वल, पण विषमता इनइक्वॅलिटी. एकाच घरातल्या विशेषणाने एक टोपी घालायची आणि नामाने दुसरी, हा काय न्याय? भाची वैतागली. मी तिला म्हटलं, तू गैरहजर असतेस तेव्हा बेहजर का नसतेस? नापसंतला अपसंत का म्हणत नाहीस? बेशिस्त पोरांना निशिस्त म्हटलं तर? ती हसत सुटली. मराठी शिकायला निघालेल्या परक्या माणसाची किती तारांबळ होत असेल! ढोबळ नियम आपल्याकडेही आहे, फारसी शब्दाला फारसी उपसर्ग, संस्कृतला संस्कृत. आणि मग परीक्षेचा निकाल लागतो नि फारसी 'ना' सरळ इंग्रजी 'पास'च्या पुढ्यात जाऊन बसतो. नापास. इतका अस्सल मराठी शब्द शोधून सापडायचा नाही.

त्यामुळे माझं मत असं झालंय की उपसर्ग शब्द फोडायला घ्यावेत, घडवायला जरा जपून. वाचताना अनोळखी शब्द आला की खुशाल तोडा. बोलताना मात्र कानाला विचारा. हे मी तिला सांगितलं नाही. तिला पन्नास शब्द घडवूनच न्यायचे होते.

फोडण्यात जी मजा आहे तिला तोड नाही. पेरिमीटर घ्या. ग्रीक पेरि म्हणजे भोवती, मेट्रॉन म्हणजे माप. गणिताच्या मराठी पुस्तकात त्याला काय म्हणतात? परिमिती. हे भाषांतर म्हणावं की भाऊबंदांची गाठभेट? पेरि आणि परि हे एकाच मुळाचे. तसेच ग्रीक हायपो आणि आपला उप, हायपर आणि उपरि. औषधाच्या कागदावर हायपो आणि हायपर शेजारी आले की माझा हमखास घोळ व्हायचा. एकात काहीतरी कमी आणि दुसऱ्यात जास्त, म्हणजे चूक झाली तर भलतीच. आता मी मनात उप आणि उपरि म्हणते. उपमुख्याध्यापक कुठे बसतात ते ठाऊक आहेच.

सगळ्यात जवळचं नातं मात्र नकाराचं. आपण ज्ञानाला अ लावून अज्ञान करतो, पण अंताला आणि आदीला अन् लावतो, अनंत आणि अनादी. ग्रीकही तंतोतंत हेच करतात, व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन्. ॲनिमिया म्हणजे अन् अधिक रक्त. ॲनॉनिमस म्हणजे अन् अधिक नाव, आपला अनामिक. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने 1786 मध्ये कोलकात्यात, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. त्यासाठी त्याला संस्कृत शिकावं लागलं. आपल्याला ती निम्मी वाट घरबसल्या मिळालेली असते आणि तरीही आपण इंग्रजीच्या पुस्तकासमोर परक्यासारखे बसतो.

आता उपसर्गाचा उपसर्ग. फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं. मग इनफ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं असं कुणीही म्हणेल, आणि भाजून घेईल. दोन्हींचा अर्थ एकच आहे. इथला 'इन' नकाराचा नाही, पेटवण्याच्या लॅटिन क्रियापदातून आलेला आहे. इंग्रजीला नावं ठेवायला माझं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात घोर आणि अघोर आठवले. घोर म्हणजे भयंकर. अघोर म्हणजे खरं तर सौम्य, ते शंकराचं नाव. पण 'काय अघोरी प्रकार!' असं म्हणताना सौम्यपणा कुणाच्या डोक्यात असतो? खालस म्हणजे शुद्ध आणि निखालसही शुद्धच, तेही बहुधा खोटेपणाच्या बाबतीत. मी तोंड मिटलं.

'री'ने तर मला नोकरीच्या पहिल्या वर्षी चांगलंच गोत्यात आणलं होतं. करारपत्राच्या दोन पानांवर माझी सही राहिली होती. पुन्हा सही करायला कधी येऊ, एवढंच मला विचारायचं होतं. साइन येत होतं, री येत होता. फुकटचा शब्द तयार. मी ऐटीत ईमेल लिहिलं, 'मी केव्हा रिझाइन करू ते कृपया कळवावे.' पुन्हा सहीचा री-साइन लिहिताना मधे एक आडवी रेघ लागते. ती नसेल तर अक्षरं तीच राहतात, पण अर्थ राजीनाम्याचा होतो. तासाभरात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि फार मायेने विचारलं, "काही त्रास आहे का इथे? पगाराचं असेल तर बोलू आपण." मी प्रामाणिकपणे खुलासा केला. पगाराचा विषय तिथेच संपला. ती रेघ न घालण्याइतकी अक्कल मला होती, खुलासा न करण्याइतकी नव्हती.

प्रीच्या रकान्यात भाचीने प्रीपोन लिहिलं होतं. "हे चूक आहे ना? बाई म्हणतात असा शब्दच नाही." मी लाल पेन्सिलीने झोकात बरोबरची खूण केली. पोस्टपोनमधला पोन म्हणजे लॅटिनमध्ये ठेवणं. पोस्टपोन म्हणजे नंतर ठेवणं, मग अलीकडे ठेवणं म्हणजे प्रीपोनच. भारतीय इंग्रजीचा शब्द असा शेरा मारून का होईना, मोठ्या कोशांनी त्याला जागा दिली आहे. आमच्या नापाससारखाच तोही गरजेपोटी जन्मलेला.

डिसच्या रकान्यात नऊच शब्द होते. दहावा मी सुचवला, डिसग्रंटल्ड. नाराज, धुसफुसणारा. तिने लगेच विचारलं, "मग खूश माणूस ग्रंटल्ड?"

तसं नाही. ग्रंटल म्हणजेच सारखं कुरकुरणं, आणि इथला डिस उलट न करता नुसता जोर देतो. काढून टाकला तरी माणूस कुरकुरतच राहणार. अनकेम्प्ट म्हणजे अजागळ, यातला केम्प्ट खरोखरच विंचरलेला होता. पण तो केव्हाच मागे पडला आणि विस्कटलेला तेवढा उरला. "म्हणजे शब्द निम्माच शिल्लक राहतो?" तिने विचारलं. मी म्हटलं, आपल्याकडेही असे आहेत. निगरगट्ट म्हणतो ना आपण?

ती थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. "मग गरगट्ट म्हणजे कोण?"

"एकदा सांगितलं की ऐकते ती. जा आता, झोप."

सकाळी दप्तर भरताना तिची वही टेबलावर उघडीच राहिली होती. ती मिटायला म्हणून मी हातात घेतली. पहिला रकाना मी रात्री तिच्या बडबडीत वरवरच पाहिला होता, खुणा मात्र दहाही केल्या होत्या. अनहॅपी, अनलॉक, अनटाय, अनकाइंड, आणि त्याच्या खाली, सुवाच्य अक्षरात, निवांत बसलेले अंकल. त्यांच्यापुढेही माझ्या लाल पेन्सिलीची बरोबरची खूण.