तबला रियाज नोंद : एक कायदा, चार महिने आणि दुसरा क्रमांक

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की स्पर्धेसाठी पेशकार (एकल वादनाची संथ सुरुवात) आटोपता घेऊन रेला (जलद बोलांचा भाग) वाढवणार. तो विचार सरांनी मोडून काढला, आणि बरं झालं. परवा एकल वादनात वीस वर्षांखालच्या गटात दुसरा क्रमांक आला. गेल्या वर्षी याच स्पर्धेतून पहिल्या फेरीतच परतले होते.

त्या वेळचं रेकॉर्डिंग सरांनी समोर बसवून ऐकवलं होतं. तालाच्या दर दोन आवर्तनांनी (फेऱ्यांनी) माझी लय चढत होती आणि लेहरा (ताल दाखवणारी फिरती धून) धरणारे दादा बिचारे मागून धावत होते. त्याहून वाईट म्हणजे ‘खाली’ (तालातला टाळीऐवजी रिकाम्या हाताने दाखवायचा भाग) कुठे आहे ते कळतच नव्हतं. दिल्लीचा ‘धा तिट धा तिट धाधा तिट धागे तिना किना’ हा कायदा (पलटे करून वाढवायची ठरावीक बोलांची रचना) वाजवताना दुसऱ्या भागात ‘ता तिट ता तिट ताता तिट’ यायला हवं, म्हणजे तिथे डग्ग्याची (डाव्या हाताच्या वाद्याची) आस, म्हणजे घुमारा, थांबली पाहिजे. माझा डग्गा मात्र घुमतच होता. आस ‘धागे धिना गिना’ला परत येते, पण ती आधी गेलीच नाही तर परत आल्याचं कळणार कसं?

म्हणून चार महिने हा एकच कायदा. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, आधी हातावर टाळी देत पढंत (बोल तोंडाने म्हणणं), मग वादन. पहिले तीन आठवडे पलटे (त्याच बोलांची फिरवाफिरव) बंद, फक्त मुख (मूळ रचना). या कायद्यात ३, ३ आणि मग दोन-दोनचे पाच तुकडे असे १६ बोल आहेत. ते वजन तोंडात बसल्यावर हात आपोआप सैल झाला. रात्री झोपताना थोर तबलावादक अहमदजान थिरकवाँ खाँसाहेबांचा पेशकार ऐकायचे. दोन बोलांमधली जागा ते किती निवांत सोडतात! ती ऐकूनच माझी घाई कमी झाली असं मला खरंच वाटतं.

स्पर्धेच्या दिवशी दिव्यांच्या उष्णतेने तबल्याची पुडी (वरचं कातडं) सुरात चढली. गजऱ्याला (पुडीच्या कडेच्या वेणीला) खालून हलके ठोके देऊन सुरात आणली, एक मिनिट गेलं, पण बेसूर वाजवण्यापेक्षा ते परवडलं. परीक्षकांनी पेशकाराचं नाव घेऊन कौतुक केलं. रेल्यात ‘तिरकिट’ अजून पुसट आहे, हेही सांगितलं. बरोबर आहे.

आता सात मात्रांचा रूपक ताल. तिहाईचा (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचा) हिशोब मला फार आवडला: मध्ये एक मात्रा दम (विराम) ठेवून समेपासून समेपर्यंत जायचं तर सोळा मात्रांच्या तीनतालात पाच मात्रांचा पल्ला लागतो (५+१+५+१+५ म्हणजे १७, सतरावी सम), दहा मात्रांच्या झपतालात तीनचा, रूपकात दोनचा. कागदावर सोपं आहे. पण रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवरच येते. तिहाईचा शेवटचा ‘धा’ पडतो तिथेच ठेक्याचा (तालाच्या मूळ बोलांचा) ‘तिं’ असतो. तिथून ठेका उचलताना डग्गा चौथ्या मात्रेला बोलायला हवा, माझा तिसरीलाच बोलतो. रूपकात एकल वाजवणाऱ्यांनी हे कसं सोडवलं ते जरूर सांगा. तोवर ठेका ५० वर, रोज वीस मिनिटं, नुसता.