शोध किती, ‘मी’ किती?

“मामा, यात शोध किती आणि ‘मी’ किती?”

शास्त्रज्ञ स्टीफन वुल्फ्रमचं ‘अ न्यू काइंड ऑफ सायन्स’ चाळून भाचीने विचारलं. २००२ सालचं, हजारावर पानांचं धूड; अगदी साध्या नियमांतून गुंतागुंत कशी उभी राहते, हे चित्रांनी दाखवणारं. प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना.

चित्रं वेड लावतात, हे कबूल. नियम ३० घ्या: घरांच्या ओळी काळ्या-पांढऱ्या रंगवण्याच्या, क्रमांक दिलेल्या साध्या नियमांपैकी एक. पहिल्या ओळीत एकच काळं घर. पुढच्या ओळीतलं प्रत्येक घर फक्त वरच्या तीन घरांवरून ठरतं. तरी खाली पसरतो चक्क गोंधळ! विश्वाची किल्ली सापडली, असं कुणालाही वाटेल.

पण याच जातीचा नियम ११० वापरून संगणकाला जमणारं कोणतंही गणन करता येतं, ही सिद्धता मॅथ्यू कुक यांची. तेव्हा ते वुल्फ्रमचे सहायक होते. श्रेय मात्र मागच्या बारीक टिपांत.

भव्य दाव्यांना मी मोकळीक देतो. (चित्रांवर तर जीवच आहे.) पण अशी पुस्तकं जोखताना तुम्ही आधी टिपा उघडता का?